शेळीला काही लागत नाही म्हणे!

"शेळीला काय लागतंय? सोडली की चरून येते." पारावर हे वाक्य ऐकलं की मी वाद घालत नाही. पारावर पावसाचे अंदाजही वर्तवले जातात. पण हल्ली तेच वाक्य शिकल्यासवरल्या, पर्यावरणाची कळकळ असलेल्या मंडळींच्या लेखांतून आणि व्याख्यानांतून नटूनथटून येऊ लागलं आहे. तेव्हा त्याचा समाचार घेणं भाग आहे.

मांडणी साधारण अशी असते. शेळी म्हशीसारखी मिळेल ते ओरपत नाही. ती निवडून खाते. इथला शेंडा, तिथली शेंग. शेकडो वर्षं तिने स्वतःचं पोट स्वतः भरलं. आता तिला गोठ्यात कोंडायचं, ड्रममधला आंबलेला पाला घालायचा, वरून क्षारांची पावडर भुरभुरायची, हा सगळा कंपन्यांचा आणि प्रशिक्षणवाल्यांचा खेळ आहे. आंबलेलं म्हणजे सडलेलं. मिनरल मिक्स्चर म्हणजे गरिबाच्या दावणीला बांधलेला नवा खर्च. गरिबाची गाय गरिबाच्या रीतीने जगू द्या.

यातला कळवळा खोटा नाही. प्रशिक्षणवाल्यांवरचा राग तर माझाही आहे, त्यांच्याहून काकणभर जास्तच. त्याच्याकडे पुढे येतो. पण ज्या रानाच्या भरवशावर ही सगळी मांडणी उभी आहे, ते रान आधी दाखवा.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाखांच्या आसपास शेळ्या मोजल्या गेल्या. त्या चरतात कुठे? गायरानांची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. काहींवर घरं झाली, काहींवर पिकं उभी राहिली, काहींवर आता सौर पाट्या लागत आहेत. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपालसिंग खटल्यात बजावलं. त्यानंतर कागद पुष्कळ हलले, शेळीच्या तोंडाशी गवत काही आलं नाही. बांधाचं म्हणाल, तर ट्रॅक्टरच्या फाळाने दर वर्षी तो वीतभर सरकतो, आणि जो उरतो त्यावर तणनाशकाचा पंप फिरतो. पूर्वी बांधावर बोर, हिवर, तरवड, बाभूळ, खाली दहा जातींचं गवत असे. शेळी "निवडायची" ती यातून. आज ती रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ निवडते, कारण निवडायला दुसरं काही नसतं.

चराईबंदीचं तर काय बोलावं! राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, डोंगर हिरवे केले, विहिरींना पाणी आणलं. त्याचं कौतुक मीही करतो. त्यांचा कित्ता गिरवणाऱ्या पाणलोटाच्या कामांमध्ये मोकाट चराईवर बंदी ही पहिली अट झाली. पण गावाने ठराव केला, डोंगर बंद केला, तेव्हा त्या डोंगरावर कुणाचं जनावर चरत होतं? जमीनवाल्याच्या गाई-बैलांना घरचा कडबा होता. शेळ्या भूमिहीनांच्या होत्या, विधवांच्या होत्या. त्यांना सांगितलं गेलं, शेळ्या विका नाहीतर बांधून घाला. आता गंमत बघा. जी विचारसरणी शेळीला वनशत्रू म्हणून डोंगरावरून खाली हाकलते, तीच विचारसरणी वीस वर्षांनी आपल्याला सांगते की शेळीला बांधून चारा घालणं निसर्गाविरुद्ध आहे. दोन्ही बाजूंनी शेळीवालीच चुकीची कशी ठरते?

पीकपद्धतीही बदलली. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनच्या मळणीनंतर शेतात जे उरतं त्याला विदर्भात कुटार म्हणतात, आमच्याकडे भुसकट नाहीतर गुळी. ढिगाने पडलेलं असतं आणि ढिगानेच पेटवलं जातं. शेळी त्यातली शेंगांची टरफलं आणि पानांचा चुरा वेचते, जाड काड्या सोडून देते. या भुसकटात प्रथिनं चार-पाच टक्क्यांच्या घरात असतात. शेळीच्या कोठीपोटातले जिवाणू नीट काम करायचे तर एकूण खाद्यात साधारण सात टक्के प्रथिनं तरी लागतात. त्याच्या खाली गेलं की जिवाणू मंदावतात, रवंथ मंदावतो, आणि पोट भरलेलं दिसत असताना जनावर उपाशी राहतं. उस्मानाबादी शेळी बहुतेकदा जुळी देते, कधी तिळीही. गर्भाची दोन तृतीयांश वाढ शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत होते. ते आठवडे जर एप्रिल-मे महिन्यात आले, आणि येतातच, तर शेळी पोटातल्या दोन करडांना काय देणार? स्वतःच्या अंगाची चरबी वितळवते, मग खाणं सोडते, मग बसते ती उठत नाही. मालकीण म्हणते, नजर लागली.

"शहाणी शेळी" या मुद्द्याला तर मी फार मान देतो, कारण त्यातूनच टीकाकारांचं म्हणणं उलटं पडतं. अमेरिकेतल्या युटामध्ये फ्रेड प्रोव्हेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांच्या खाण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हिवाळ्यात निकस, काटेरी झुडपांच्या माळावर त्यांनी शेळ्या ठेवल्या होत्या. वेगवेगळ्या कुंपणांतल्या कळपांपैकी एका कळपाने एक चमत्कारिक गोष्ट सुरू केली. तिथला एक रानउंदीर काटक्यांची मोठाली घरं बांधतो; या शेळ्या ती घरंच खायला लागल्या. कारण कळलं तेव्हा सगळे चकित झाले. ती घरं उंदराच्या मुताने भिजून भिजून नत्राने भरलेली होती. झुडपांत नत्र नव्हतं, शेळ्यांना ते हवं होतं, आणि त्यांनी ते शोधून काढलं. त्या कळपाचं वजन बाकीच्यांपेक्षा कमी घटलं. म्हणजे शेळी शहाणी आहेच! आणि त्या शहाणपणाने तिने काय केलं? मुतातला युरिया पुरवणी खाद्य म्हणून खाल्ला. युरियाची चाटण वीट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसावर ज्यांना हसायचंय, त्यांनी आधी या शेळ्यांवर हसून घ्यावं. शिवाय ही गोष्ट एकाच कळपाला साधली. बाकीच्या शेळ्यांपुढे घरं होती, तरी त्यांना उमगलं नाही. शहाणपणाला पर्याय लागतात आणि पर्याय ओळखायला योग लागतो. शेडमध्ये दाव्याला बांधलेल्या शेळीला यांपैकी काहीच नसतं.

आता आंबवण्याकडे येऊ. इथे टीकाकारांचा आवाज जरा जास्तच चढतो. ज्यांच्या स्वयंपाकघरात उन्हाळाभर ज्वारीची आंबील असते आणि रोजच्या जेवणात ताक, त्यांनी आंबलेल्या पदार्थाला सडका म्हणावं याचं मला नवल वाटतं. फरक हवेचा आहे. हिरवा चारा बारीक कुट्टी करून, दाबून, हवा काढून बंद केला की त्यातले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. सामू चारच्या आसपास उतरला की सडवणारे जीव तिथे टिकत नाहीत. हाच मुरघास. साधारण पंचेचाळीस दिवसांनी उघडावा. हवा आत राहिली तर मात्र बुरशी येते, आणि आम्ल पुरेसं झालं नाही तर दुसरेच जिवाणू माजतात. मग वास कुजका येतो, रंग काळपट होतो. तो चारा उकिरड्याचा. दावणीत त्याला जागा नाही.

तुळजापूरच्या बाजूला एका वस्तीवर एका बाईंनी निळा ड्रम उघडला, तेव्हा मी शेजारी होतो. ऊसतोडीच्या काळात भरलेली वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, कुट्टी, मधे मधे सोयाबीनच्या भुसकटाचे थर. वरचा चार बोटं जाडीचा थर पांढरट, दमट. त्याखाली हात घातला तर कुट्टी पिवळसर हिरवी, काड्या ओळखू येतील इतक्या शाबूत, वास आंबटगोड. त्यांनी मूठभर नाकाशी नेली आणि विचारलं, "डाक्टर, आंबूस वास मारतोय, ह्यानं शेळी गाभडंल का?"

हा प्रश्न कुठल्याही शहरी लेखातल्या आक्षेपापेक्षा चांगला आहे. त्यात तथ्य आहे म्हणून चांगला आहे. खराब मुरघासात, विशेषतः सामू साडेपाचच्या वर राहिलेल्या भागात, लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढतो. त्याने शेळी खरंच गाभडते. मेंदूला लागण झाली तर मान एका बाजूला वळते आणि जनावर गोल गोल फिरत राहतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, वरचा पांढरा थर सगळा काढून खड्ड्यात टाका, शेळीच्या तोंडाला लागू देऊ नका. खालचा घाला, पण पहिल्या दिवशी ओंजळभरच, मग दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्या. "आन गाभणीला?" त्यांनी पुन्हा विचारलं. गाभणीलाही चालतो, पण तिला ड्रमच्या मधल्या भागातलाच घाला आणि उरलेला संध्याकाळी तिथेच पडू देऊ नका. एवढं ऐकून त्यांनी झाकण लावलं आणि कडा हाताने दाबून पाहिल्या. धोका कुठे आहे हे त्यांना आधीच कळलेलं होतं. त्यांना हवी होती ती धोक्याची सीमा. लेखात मात्र धोका दाखवून सगळा ड्रमच फेकून द्यायला सांगतात.

आंबवण्याच्या बाजूनेही अतिशयोक्ती चालते, तीही सांगितली पाहिजे. कोरडं भुसकट पाणी आणि गूळ शिंपडून ड्रममध्ये घातलं की ते हिरव्या मक्यासारखं होतं, असं सांगणारे भेटतात. होत नाही. काड्यांमधलं लिग्निन लॅक्टिक जिवाणूंना फोडता येत नाही. काड्या मऊ होतात, चव येते, शेळी थोडं जास्त खाते, इतकंच. भुसकटाची पचनीयता खरोखर वाढवायची तर जुनी युरिया प्रक्रिया आहे: शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि झाकून एकवीस दिवस ठेवायचं. ती मोठ्या शेळ्यांसाठी. करडांना नाही, आणि युरियाचं पाणी उघड्यावर तर अजिबात नाही, कारण ते पिऊन शेळी तासाभरात मरते. भुसकटाचा खरा उपयोग दुसराच आहे. वाढ्यात, स्वीटकॉर्नच्या हिरव्या ताटांत, भाजीबाजारातल्या कोबी-फ्लॉवरच्या पाल्यात पाणी जास्त असतं. नुसती ती ड्रममध्ये घातली तर तळाशी पाणी साठतं आणि सडतं. त्यात कोरडं भुसकट मिसळलं की ओल बरोबर येते. कुट्टी मुठीत घट्ट दाबायची. बोटांतून पाणी गळलं तर भुसकट वाढवा. मूठ उघडताच गोळा फुटला तर ओल कमी आहे. गोळा हळूहळू सुटला तर भरायला घ्या. ही परीक्षा फुकट आहे, आणि बाटलीतल्या कुठल्याही "कल्चर"पेक्षा जास्त उपयोगाची.

आणि त्या बाटल्या! चोवीस तासांत चारा आंबतो, तीन महिन्यांत वजन दुप्पट, रोगराई येणारच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक देखणा बोकड, खाली फोन नंबर. चांगल्या लॅक्टिक जिवाणूंचं विरजण चाऱ्याला मदत करतं, यात शंका नाही. पण एका दिवसात काही मुरत नाही, आणि आंबवल्याने चाऱ्यात नसलेली प्रथिनं कुठून येणार? टीकाकारांना भांडायचंच असेल तर या लोकांशी भांडावं. मी त्यांच्या पुढे उभा राहीन. पण त्यांचं भांडण बाटलीवाल्याशी सुरू होतं आणि ड्रमवालीपाशी येऊन संपतं.

क्षारांचा मुद्दा आंबवण्यापासून वेगळा काढता येत नाही, हे या वादात कुणी लक्षातच घेत नाही. वाढ्याचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर ते मार्च साखर कारखाने चालू असतात, वाढं फुकट किंवा मातीमोल मिळतं, दुष्काळात छावण्याच्या छावण्या त्यावर चालतात. पण वाढ्यात ऑक्झालेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि कॅल्शियम अंगी न लागता लेंडीतून बाहेर जातं. जनावर महिनोन्महिने वाढ्यावर राहिलं की हाडं झिजतात, दूध आटतं, व्यायल्यावर जनावर बसतं. जुने शेतकरी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडत, ती उगीच नव्हे. निवळी म्हणजे कॅल्शियमच. तेव्हा क्षार देणं हा कंपनीचा शोध आहे, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच आजोबांना विचारायला हवं होतं. पिकाचा उरलेला भाग खाऊ घालायचा ठरवला की त्या भागात काय कमी आहे, काय बांधलं गेलंय, हे भरून काढणं त्याच कामाचा अर्धा भाग आहे.

रानात चरणारी शेळी हे कसं भागवत होती? खोल मुळांची झाडं जमिनीच्या खालच्या थरातून क्षार वर आणतात, आणि तिच्या तोंडात रोज वेगवेगळ्या झाडांचा पाला जात होता. महाराष्ट्राच्या जमिनीत जस्ताची कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद बांधलं जातं. एकाच शेतातला, एकाच पिकाचा चारा रोज खाल्ला की त्या शेतात जे नाही ते शेळीतही नाही. मग ती भिंत चाटते, माती खाते, वाळत घातलेली साडी चावते. आपण म्हणतो, शेळी काहीही खाते. कोबाल्ट मिळालं नाही तर कोठीपोटातल्या जिवाणूंना बी 12 जीवनसत्त्व बनवता येत नाही, आणि शेळी भरल्या दावणीपुढे खंगत जाते. हे कुठल्या जाहिरातीतलं नाही, पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं आहे.

खर्चाचं म्हणता? हिशोब करू. मोठ्या शेळीला दिवसाला दहा ग्रॅम मिश्रण धरलं तर वर्षाला 3 किलो 650 ग्रॅम. किलोला दीडशे रुपये धरले तर साडेपाचशेच्या आत. बोकडाचा जिवंत वजनाचा भाव किलोला चारशे धरला तर तिच्या वर्षभरातल्या करडांच्या अंगावर मिळून दीड किलो वजन जास्त चढलं की पैसे वसूल. एक करडू जगलं तर प्रश्नच मिटला. हा काही दावणीला बांधलेला राक्षस नव्हे. पिशवी घेताना मात्र भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 1664 चा उल्लेख आणि कॅल्शियम-स्फुरदाचे आकडे छापलेत का ते बघा. नुसतं चित्रातल्या गाईचं तेज बघून घेऊ नका.

अंदाजाने क्षार घालण्याचे तोटेही आहेत, आणि ते लपवून प्रतिवाद करता येत नाही. आपल्याकडचे मेंढपाळ मेंढ्यांच्या कळपात चार शेळ्या बाळगतात. शेळीला तांबं चांगलं लागतं आणि बऱ्यापैकी सोसतं. मेंढीला सोसत नाही. गाई-म्हशींचं मिश्रण दोघींना एकाच घमेल्यात घातलं तर मेंढीच्या यकृतात तांबं महिनोन्महिने साठत जातं, बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी तिची लघवी लाल होते, डोळे पिवळे पडतात, आणि दोन दिवसांत ती मरते. उलटं, मेंढीचं मिश्रण शेळीला घातलं तर तिला तांबं पुरत नाही.

बकरी ईदसाठी वाढवलेल्या बोकडाचं प्रकरण याहून नाजूक. त्याला गव्हाचा भुसा, मका, सरकी पेंड भरपूर मिळते. या खाद्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी. खाद्यात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावं. इथे तराजू उलटा असतो, आणि मूत्रमार्गात खडे धरतात. बोकड पाय ताणून उभा राहतो, कण्हतो, थेंब पडत नाही. मालक म्हणतो, मिनरल घातलं त्याने खडा झाला. कधी खरंही असतं, कारण आधीच स्फुरद वाढलेल्या खाद्यात स्फुरदाचं मिश्रण टाकलं की आगीत तेल. अशा खाद्यावरच्या बोकडाला खडा धरण्याआधीच चुनखडीची भुकटी आणि मीठ द्यावं, पाणी भरपूर पाजावं, धान्य कमी करावं. यातून क्षार देऊच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. कोणते, कुणाला आणि कशाबरोबर, हा प्रश्न निघतो. आणि त्याचं उत्तर द्यायला तालुक्याचा पशुवैद्य असतो, असायला हवा.

टीकाकार बंद पडलेल्या गोट फार्मची नावं घेतात. पडलेत, पुष्कळ पडलेत. तारांकित शेड, चढ्या भावाने आणलेली पैदास, विकतचा सगळा चारा, पीपीआर रोगाची लस टोचायला विसरले, आणि विक्रीचं गणित ईदच्या एका दिवसावर टांगलेलं. यातल्या कुठल्या दोषाला मुरघास जबाबदार आहे? विकतच्या चाऱ्याने जे फार्म बुडाले, त्यांना गावात फुकट पडलेल्या वाढ्याचे चार खड्डे भरता आले असते तर कदाचित तरले असते.

मटणाची चव जाते, दुधाला वास येतो, हाही एक आक्षेप. दुधाचा खरा आहे आणि उपायही सोपा आहे: मुरघास धार काढल्यानंतर घाला, आधी नको. चवीबद्दल बोलायचं तर बाजारात येणारे पुष्कळ बोकड आधीच सरकी पेंड आणि मक्यावर वाढलेले असतात, आणि त्यांच्या रश्श्याला नावं ठेवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. "एवढी उठाठेव करायला वेळ कुणाला?" हा आक्षेप बहुधा पुरुष घेतात. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दाबून भरली तर शंभर-सव्वाशे किलो कुट्टी मावते. चार शेळ्यांना दिवसाला किलोकिलो घातली तर महिना निघतो. तीन ड्रम, म्हणजे एप्रिल ते जून. पूर्ण खाद्य नव्हे, पण रोजचा पाल्याचा भारा निम्म्यावर येतो. तो भारा आज कोण आणतं? उन्हात विळा घेऊन कुणाच्या तरी बांधावरची शेवरी, सुबाभूळ तोडून, शिव्या खाऊन, डोक्यावर घेऊन येणारी बाई. तिच्या तासांचा हिशोब "शेळीला काही लागत नाही" या वाक्यात कुणीच धरलेला नसतो, म्हणून ते वाक्य इतकं स्वस्त पडतं.

आंबवलेल्या चाऱ्यावर खरा आक्षेप घ्यायचा असेल तर इथून घ्या. मुरघासाचं प्रशिक्षण तालुक्याच्या गावी, दुपारी. खुर्च्यांवर पुरुष बसलेले. शेळीची धार काढणारी, करडू आजारी पडलं तर रात्र जागवणारी बाई त्या वेळी बांधावर पाला तोडत असते. अनुदानातून गावात एखादं कुट्टी यंत्र येतं, ते ज्याच्या दारात उभं आहे तो आधी आपल्या म्हशींचा मका कापून घेतो. चार शेळ्यांच्या मालकिणीचं वाढं तोवर उन्हात वाळून खडखडीत झालेलं असतं, आणि वाळलेलं वाढं ड्रममध्ये मुरत नाही.